तीस मिलिव्होल्टचा रुसवा

जुनं घर विकत घेतलं की त्याच्याबरोबर आधीच्या मालकाचे पडद्यांचे दांडे येतात, गराजमध्ये अर्ध्या भरलेल्या रंगाच्या डब्यांची रांग येते आणि कशाची आहे ते कधीच न कळणारी एक किल्ली येते. आमच्या घराबरोबर याशिवाय एक फायरप्लेस आली. आम्ही मागितली नव्हती. पण मिनिआपोलिसमध्ये राहायचं आणि घरात फायरप्लेस नाही, म्हणजे कोकणात घर घ्यायचं आणि परसात माड नाही, असा काहीतरी भाव घर दाखवणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर होता. म्हणून आम्हीही "अरे वा" म्हटलं.

बैठकीच्या भिंतीत, काचेच्या आड, सहा ओंडके रचलेले आहेत. त्यांना साल आहे, गाठी आहेत, एकाची कड जळून काळी झालेली आहे. फक्त लाकूड नाही. सगळे सिरॅमिकचे. ऑक्टोबरात माई आणि आप्पा, म्हणजे माझे सासू-सासरे, सहा महिन्यांसाठी चिंचवडहून आले, तेव्हा माईंनी काचेला नाक लावून विचारलं, "ही लाकडं संपली की नवी कुठून आणता?"

"संपत नाहीत, माई."

"जळतात आणि संपत नाहीत?"

"जळत नाहीत. जळल्यासारखी दिसतात."

"मग जळतं काय?"

"गॅस."

"मग लाकडं कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अमेरिकेकडेही नसावं. माईंच्या माहेरी अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटात चिपाडं, करवंट्या आणि गेल्या वर्षीच्या वह्या जायच्या, त्यातून धूर यायचा, राख पडायची, आणि मुख्य म्हणजे पाणी तापायचं. इथे घर तापवायला तळघरात वेगळी भट्टी आहे, ती तिचं काम मुकाट्याने करते. भिंतीतली ही आग शोभेची. हे कळल्यावर माईंनी तिचं नाव 'देखाव्याची चूल' असं ठेवलं आणि विषय संपवला.

विषय जानेवारीत परत निघाला. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इथे सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात. शनिवारी पस्तीस माणसं येणार, बायका काळ्या साड्या नेसणार, मागे आग धडधडत असणार आणि पुढे फोटो निघणार, असं बायकोने मनाशी पक्कं केलं होतं. बुधवारी संध्याकाळी तिने भिंतीवरचं बटण दाबलं. काही झालं नाही.

"अरे, पायलट विझलाय," ती म्हणाली.

"विझलाय म्हणू नये," माई आतून म्हणाल्या. "शांत झाला म्हणावं."

ज्यांच्या घरी ही भानगड नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओंडक्यांच्या मागे एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत सतत तेवत असते. तिला पायलट म्हणतात. बटण दाबलं की मोठा गॅस सुटतो आणि तो या ज्योतीवर पेट घेतो. बटण बंद केलं की मोठी आग जाते, ज्योत राहते. रात्रंदिवस, घरात कोणी असो नसो. थोडक्यात, नंदादीप. फरक एवढाच, की याला तेल घालावं लागत नाही, बिल भरावं लागतं.

ही ज्योत पेटवायची कृती पत्र्याच्या एका पट्टीवर छापलेली असते. ती पट्टी फायरप्लेसच्या पोटाखाली, जाळीच्या झडपेआड, साखळीला बांधून ठेवली आहे. वाचायची तर जमिनीवर पालथं पडायचं, गाल गालिच्याला टेकवायचा आणि टॉर्च दातात धरायचा. अक्षर पंचांगातल्या तळटिपांएवढं. साष्टांग नमस्काराशिवाय हा अग्नी दर्शन देत नाही, हे ज्याने ठरवलं तो माणूस गेल्या जन्मी आपल्याकडचा असणार.

पट्टी सांगते, की नॉब 'ऑफ'वर आणा आणि पाच मिनिटं थांबा, साठलेला गॅस जाऊ द्या. मग वास घ्या, जमिनीलगतही घ्या, कारण काही गॅस हवेपेक्षा जड असतात आणि खाली बसून राहतात. वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका, घराबाहेर पडा आणि शेजाऱ्याच्या फोनवरून गॅसवाल्यांना कळवा. आणि नॉब फक्त हाताने फिरवा, हत्यार लावू नका. हे शेवटचं वाक्य वाचताना माझ्या हातात पक्कड होती.

वास घेण्याचं खातं माईंनी आपणहून घेतलं. "सिलिंडर गळत असेल तर मी जिन्यातच ओळखते," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पाइपातून येणाऱ्या इथल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावा म्हणून त्यात गंधकाचं एक दुर्गंधी रसायन मिसळतात. आपल्या सिलिंडरमध्येही याच कुळातलं असतं. त्यामुळे चिंचवडचं नाक मिनेसोटात जसंच्या तसं चाललं. व्हिसा, विमा, भाषा, कशाचीच अडचण आली नाही.

पाच मिनिटं मोजायला फोन होता. पण माईंनी अथर्वशीर्ष सुरू केलं. ते फलश्रुतीसकट बरोबर पाच मिनिटांत बसतं. मग मी नॉब 'पायलट'वर आणून आत दाबला, दुसऱ्या हाताने ठिणगीचं लाल बटण खटखटवलं, आणि ओंडक्यामागे निळी ज्योत उमटली. आता नॉब एक मिनिट तसाच दाबून धरायचा. तेवढ्यात मारुतीस्तोत्र निम्मं होतं. एक मिनिट झालं. मी अलगद अंगठा काढला.

टक्.

ज्योत गेली. परत पाच मिनिटं, परत अथर्वशीर्ष, परत खटखट, परत ज्योत. या वेळी दीड मिनिट दाबून धरलं. टक्. मग दोन मिनिटं. टक्. अंगठ्याला नॉबचा ठसा उमटला. जोवर मी दाबून धरतोय तोवर ज्योत मजेत, सोडलं की गेली. तान्ह्या बाळाला मांडीवरून गादीवर ठेवताना ते जसं डोळे उघडतं, अगदी तसं.

शुक्रवार दुपारपर्यंत अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं पुरी झाली. एकवीस झाली म्हणून माईंनी शिरा केला. तो फार चांगला झाला होता. ज्योतीवर परिणाम नाही.

या सगळ्या काळात आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून टॅबलेटवर पुण्याचं वर्तमानपत्र वाचत होते. आप्पा भोसरीला एका कारखान्यात एकतीस वर्षं नोकरीला होते. 'हीट ट्रीटमेंट'ला, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे नेमकं काय ते मी कधी विचारलं नव्हतं. लग्नाला बाराच वर्षं झालीत, एवढ्या लवकर कुठे विचारायचं.

माझी पहिली शंका वाऱ्यावर होती. फायरप्लेसच्या धुराचा पाइप भिंतीतून बाहेर निघतो, त्यातून वारा आत शिरत असेल. म्हणून गुरुवारी सकाळी मी कानटोपी, दोन स्वेटर, जाकीट, त्यावर जाकीट असा बाहेर पडलो आणि गुडघाभर बर्फातून घराच्या मागे गेलो. तापमान उणे २४ होतं. पाइपाच्या तोंडाशी साचलेला बर्फ मी बुटाने उकरत होतो, तेवढ्यात शेजारचे म्हातारबाबा कुंपणाशी आले. त्यांचे आजोबा नॉर्वेहून आले होते, आणि ते स्वतः नुसत्या सदऱ्यावर होते.

इथल्या लोकांचा एक स्वभाव आहे. तुमचं चुकतंय असं ते तोंडावर म्हणत नाहीत. पुण्यात एव्हाना "कशाला मरताय थंडीत?" असा पुकारा झाला असता आणि दोन माणसांनी हाताला धरून घरात नेलं असतं. बाबांनी माझ्याकडे, पाइपाकडे आणि माझ्या बुटाकडे पुरेसा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वेल, दॅट्स डिफरंट." मिनेसोटात यापेक्षा कडक टीका नाही. मग "ऊफ डा" असा नॉर्वेतून आणलेला एक सुस्कारा टाकून ते आत गेले. 'ऊफ डा' हा शब्द माईंना ताबडतोब आवडला. संध्याकाळी पोळ्या लाटताना त्यांनी तो दोनदा वापरला.

पाइप साफ झाला, टक् चालूच राहिली.

मग दुरुस्तीवाल्यांना फोन केला. माणूस यायला तीन आठवडे लागतील आणि त्याचे नुसते दारात यायचे दीडशे डॉलर होतील, असं एका अत्यंत प्रसन्न आवाजाने सांगितलं. मी त्या आवाजाचे आभार मानले. तेही इथे मानावे लागतात.

त्या रात्री मी जागून अभ्यास केला आणि शुक्रवारी जेवणं झाल्यावर झालेलं ज्ञान कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. बायको तिळाच्या वड्या थापत होती. मुलगी हेडफोन लावून बसली होती. राहिले आप्पा.

"आप्पा, तिथे आत ज्योतीशेजारी एक दांडी दिसते ना, तिला थर्मोकपल म्हणतात."

"हं," आप्पा म्हणाले.

"थर्मो म्हणजे उष्णता. कपल म्हणजे जोडी."

"बरं."

बरं म्हटल्यावर मला आणखी चेव आला. मी सांगितलं, की दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडायच्या, जोड तापवायचा, दुसरी टोकं थंड ठेवायची, की त्यात विजेचा दाब तयार होतो. दोन्ही तारा एकाच धातूच्या असतील तर काही होत नाही, आणि दोन्ही टोकं सारखीच तापली तरी काही होत नाही. लग्नासारखंच, असा विनोदही केला. आप्पांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग मी त्यांना बर्लिनला नेलं. १८२१ साली सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं. तांब्याच्या आणि बिस्मथच्या पट्ट्यांचं कडं करून त्याने एक जोड तापवला, तर जवळची होकायंत्राची सुई हलली. सुई हलली म्हणजे हे चुंबकत्व, असं त्याने ठरवलं आणि धरून बसला. ही वीज आहे हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने ओळखलं. "म्हणजे बघा आप्पा, ज्याला सापडलं त्यालाच कळलं नव्हतं."

"होतं असं," आप्पा म्हणाले.

मग व्हॉल्व्ह. नॉब दाबला की पायलटच्या गॅसची झडप आपल्या हाताने उघडते. ज्योत पेटते, दांडी तापते, पंचवीस-तीस मिलिव्होल्ट तयार होतात, म्हणजे टॉर्चच्या एका सेलचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. तेवढ्यावर आत एक छोटा विद्युतचुंबक जागा होतो आणि झडप धरून ठेवतो. ज्योत गेली की दांडी निवते, चुंबक हात सोडतो, स्प्रिंग झडप लावून टाकते, गॅस बंद. घरात गॅस भरू नये म्हणून ही सोय. गंमत म्हणजे हा चुंबक इतका अशक्त, की झडप स्वतः ओढून उघडणं त्याच्याच्याने होत नाही. दुसऱ्या कोणी उघडून हातात दिली तर तो धरून बसतो. अशी माणसं प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीत असतात.

"आणि त्या दांडीच्या शेजारी दुसरी जाड दांडी आहे, ती थर्मोपाइल. अशा पुष्कळ जोड्या एकाच माळेत ओवलेल्या. एकत्र कुटुंब. ती अर्धा-पाऊण व्होल्ट देते, भिंतीवरचं बटण तिच्यावर चालतं. घरची वीज गेली तरी फायरप्लेस पेटते!"

वीस मिनिटं झाली होती. आप्पांनी टॅबलेट बंद केला, चष्मा काढून पुसला.

"मग किती येतात?"

"काय?"

"मिलिव्होल्ट. मोजलेत का तुम्ही?"

मी मोजले नव्हते. मोजायचे असतात हे मला सुचलं नव्हतं.

"नाही, आमच्याकडे भट्टीला आठ-आठ कपल असायचे," आप्पा अगदी हळू आवाजात म्हणाले. "के टाइप. क्रोमेल-अल्युमेल. नऊशे डिग्रीला सदतीस पॉइंट तीन यायचे."

"तुम्हाला आकडे पाठ आहेत?"

"एकतीस वर्षं तेच बघत होतो."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. "तू आप्पांना इतका वेळ थर्मोकपल समजावत होतास?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात जे होतं ते ती पुढची पंधरा-वीस वर्षं वापरणार आहे.

"पण आप्पा, तीन दिवस तुम्ही काहीच बोलला नाहीत!"

"तुम्ही जावई. घर तुमचं. तुम्ही पालथे पडलेले. मध्ये कशाला बोला."

पुढच्या दहा मिनिटांत आमच्या बैठकीत भोसरीची दुसरी पाळी लागली. आप्पांनी मीटर मागितला. गणपतीच्या दिव्यांच्या माळा तपासायला मी एक घेतला होता, तो गराजमधून आला. थर्मोकपलचं दुसरं टोक व्हॉल्व्हमध्ये एका पितळी नटने बसवलेलं असतं, तो आप्पांनी पान्याने सैल केला. कपल मोकळा झाला. मीटरची एक सळई टोकाला, दुसरी तांब्याच्या नळीला. मी नेमून दिल्याप्रमाणे पालथा, नॉब दाबून. ज्योत लागली. मीटरवर दोन, चार, सात, नऊ. आणि नऊवरच मुक्काम.

"नऊ," आप्पा म्हणाले. "नवात काय धरणार ते? त्याचा दोष नाही."

तीन दिवस मी व्हॉल्व्हला मनातल्या मनात जे काही बोललो होतो ते सगळं मागे घेतलं.

दांडीवर काजळी होती. आप्पांनी ती निवल्यावर पॉलिश पेपरने हलकेच पुसली. नट परत लावताना आधी बोटाने बसेल तेवढा, मग पान्याने पाव फेरा. "जास्त आवळायचा नाही. आतलं इन्सुलेशन चेपतं. नवे पोरगे आले की हमखास आवळायचे." परत मोजलं. अकरा.

मग आप्पा स्वतः खाली बसले. पंच्याहत्तरीच्या माणसाला गालिच्यावर उतरायला दोन टप्पे लागतात. त्यांनी काचेतून ज्योतीकडे बराच वेळ पाहिलं, सोनार दागिना पाहतो तसं.

"ज्योत बघा," ते म्हणाले. "कपलच्या टोकाला चांगली मिठी मारायला पाहिजे, दहा-बारा मिलिमीटर तरी. ही लांबून नमस्कार करून चाललीय."

एकदा सांगितल्यावर ते इतकं उघड दिसत होतं, की आपण तीन दिवस काय पाहत होतो असा प्रश्न पडावा. ज्योत निळी होती, पण बारीक, आळशी, एका अंगाला कललेली. गॅस पुरा येत नव्हता. पायलटच्या भोकात काहीतरी अडलं होतं.

व्हॉल्व्ह बंद केला, सगळं निवू दिलं. खालच्या दोन स्प्रिंगा सोडवून काच उतरवली. ओंडके एकेक करून वर्तमानपत्रावर मांडले. त्याआधी बायकोने प्रत्येकाचा फोटो काढला, कारण हे ओंडके होते तिथेच परत ठेवावे लागतात. इंचभर सरकला तरी ज्वाळा त्यावर आपटून काजळी धरते. इतके दिवस मी यांना शोभेचे समजत होतो. त्यांनाही नेमून दिलेल्या जागा आहेत.

"पिन द्या," माई म्हणाल्या. "स्टोव्हची पिन. एक टोचा मारला की झालं."

आमच्या पिढीपर्यंत ज्यांच्या घरात पंपाचा स्टोव्ह होता त्यांना ही पिन आठवत असेल. पत्र्याची चपटी पट्टी आणि टोकाला केसाएवढी तार. दुकानात मागताना नुसतं 'पिन' म्हटलं तरी दुकानदाराला कळायचं. तो प्रायमस स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये जन्माला आला, आणि आमच्या मिनेसोटात स्वीडनची नातवंडं-पतवंडं गल्लोगल्ली आहेत. तरी शुक्रवारी रात्री साडेनऊला त्यांच्यापैकी एकाच्याही घरात पिन मिळाली नसती. शिवाय आप्पांनी पिनेला साफ नकार दिला. पायलटचं भोक मापाचं असतं. पिनेने ते वाढलं की गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते आणि काजळी सुटते.

मी कीबोर्ड साफ करायचा हवेचा डबा पुढे केला. आप्पांनी चष्मा वर करून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. आत हवा नसून ज्वालाग्राही वायू होता. त्यांनी तो डबा माझ्या हातून घेतला आणि लहान मुलाकडून काडेपेटी काढून घ्यावी तसा वरच्या फळीवर ठेवला.

तेवढ्यात माई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात नातीची सरबताची नळी होती.

"सरका," त्या म्हणाल्या. "फुंकणी आहे माझ्याकडे."

माई वाकल्या. नळीचं एक टोक पायलटच्या तोंडाशी धरलं, दुसरं ओठांत. डोळे मिटले, कारण चुलीवर फुंकर घालणारी बाई डोळे उघडे ठेवत नाही, हे साठ वर्षांपूर्वी शिकलेलं होतं. आणि गाल फुगवून एकच फुंकर घातली. ती साधी फुंकर नव्हती. ओल्या गोवऱ्यांवर पोसलेली फुंकर होती. आतून करडा कापूस उडावा तसं काहीतरी भुसकन बाहेर आलं आणि माझ्या चष्म्यावर बसलं. आप्पांनी ते चिमटीत धरून उजेडात नेलं. कोळ्याचं जाळं होतं, त्यात धूळ आणि एक वाळकी माशी.

"घर केलं होतं बिचाऱ्याने," माई म्हणाल्या.

कोळ्यांना अशा बारीक नळ्या फार आवडतात. २०११ साली एका जपानी मोटार कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. कारण एका पिवळ्या कोळ्याला त्यांच्या पेट्रोलच्या टाकीची हवा जायची नळी आवडली आणि तो तिथे जाळी विणायला लागला. इतक्या मोठ्या कंपनीला जो पुरून उरला त्याने माझा पायलट तीन दिवस अडवला, यात मला थोडा मानच वाटला. हे मी बोलून दाखवलं.

"पण ज्योत तेवत असताना तो शिरेल कसा?" आप्पांनी विचारलं.

मी गप्प.

"उन्हाळ्यात बंद केली होतीत का?"

"मे महिन्यात. गॅस वाचवायला. महिन्याचे काही डॉलर..."

"अखंड दिवा बंद केला होता?" हा आवाज माईंचा. त्यावर मी अंगठा पुढे करून त्यावरचा ठसा दाखवला. पण सहानुभूती मिळाली नाही.

ओंडके फोटोबरहुकूम परत बसले, काच चढली. शेवटचं अथर्वशीर्ष झालं. खटखट. ज्योत लागली, आणि या वेळी ती वेगळीच होती. जाड, ताठ, दांडीला घट्ट धरून. आप्पांनी मीटर लावला. नऊ, चौदा, एकोणीस, तेवीस, सव्वीस. अठ्ठावीसवर आकडा थांबला. मीटर काढून त्यांनी नट बसवला, बोटाने, मग पाव फेरा. परत पेटवली. मिनिटभर कोणी हललं नाही.

"सोडा," आप्पा म्हणाले.

मी अंगठा काढला. टक् आली नाही. माईंनी वाटीतली तिळाची वडी उचलून फायरप्लेसच्या वरच्या फळीवर ठेवली. रुसलेलं माणूस घरात परत आलं की काहीतरी गोड द्यावं लागतं.

शनिवारी पस्तीस माणसं आली. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, वाणाला स्टीलच्या वाट्या. बायकोने बटण दाबलं, भुस्स झालं, ओंडक्यांमधून पिवळ्या ज्वाळा उठल्या आणि सगळ्यांनी मनापासून "आहा" म्हटलं. पुरुषमंडळी हातात चहा घेऊन आगीपुढे जमली. तीन दिवसांत एकाचाही पत्ता नव्हता, आता प्रत्येकाकडे उपाय होता. "थर्मोकपल सरळ बदलून टाकायचा, वीस डॉलरला मिळतो." "हे जुनं मॉडेल काढून बॅटरीवर ठिणगी पडणारं घ्या, सतत ज्योत लागतच नाही." एक जण आप्पांकडे वळला आणि म्हणाला, "काका, थर्मोकपल म्हणजे काय माहितीये का? दोन वेगळे धातू..."

"हं," आप्पा म्हणाले.

तळघरातली भट्टी चालू, स्वयंपाकघरात पोळ्या, बैठकीत पस्तीस माणसं आणि त्यात ही आग. बाहेर उणे २१ असताना आत रेशमी साड्यांमधल्या बायका वाणाच्या वाट्यांनी वारा घ्यायला लागल्या. अकराव्या मिनिटाला बायको गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली.

"ते बंद कर."

"शांत कर म्हणावं," माई म्हणाल्या, पदराने कपाळ टिपत.

मोठी आग गेली. ओंडक्यांमागे निळी ज्योत राहिली, तिच्याकडे नंतर कोणी पाहिलं नाही. रात्री सगळे गेल्यावर मी दिवे मालवायला आलो, तर आप्पा फायरप्लेसपाशी पालथे होते. थर्मोपाइलच्या दोन स्क्रूंना मीटर लावून ते एका वहीत लिहीत होते. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, आकडा. पानावर रकाने पट्टीने आखलेले.

"रीडिंग ठेवलेलं बरं," ते म्हणाले. "खाली यायला लागलं की आधी कळतं."

एप्रिलमध्ये माई-आप्पा चिंचवडला परतले. जाताना वही माझ्याकडे सोपवून गेले. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिथे संध्याकाळी, आप्पांचा फोन येतो. नातीची चौकशी होते, माझ्या नोकरीची होते, पाऊसपाणी होतं. मग थोडं थांबून ते विचारतात, "आज किती?"

मे संपत आला आहे. बाहेर अठ्ठावीस डिग्री आहे, घरात वातानुकूलन चालू आहे, त्याच्याशेजारी ज्योतही चालू आहे आणि दोन्हींचं बिल येतं आहे. कालच्या रविवारी मी जमिनीवर उतरलो, गाल गालिच्याला टेकवला आणि फोनवर सांगितलं, "पाचशे बेचाळीस."

"मागच्या आठवड्यात पाचशे पंचेचाळीस होते," आप्पा म्हणाले. "काच कधी पुसलीत?"